वाचकांचे प्रश्न : बचावपटू जायबंदी होतो, मग गोल आघाडीचे का आटतात?

प्रश्न : आमच्या पेठेतल्या संघाचा स्टॉपर यंदा गुडघा दुखावल्याने बाहेर बसला. प्रशिक्षकांनी मधल्या फळीतला आमचा सर्वांत भरवशाचा खेळाडू त्याच्या जागी मागे नेला. त्याने ती जागा चांगली सांभाळली आणि आम्ही फारसे गोल खाल्ले नाहीत; पण आमचे गोल होणेच बंद झाले. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून सगळा राग आघाडीच्या दोघा मुलांवर निघाला. बचावपटू नसण्याचा आणि गोल न होण्याचा खरोखर काही संबंध असतो काय, की आमची मुलेच कमी पडली?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या आघाडीच्या मुलांना दोष देण्याआधी लिव्हरपूल या मोठ्या इंग्लिश संघाचा २०२०-२१ चा हंगाम बारकाईने पाहू, कारण आपण वर्णन केलेली गोष्ट त्या संघाच्या बाबतीत जवळजवळ जशीच्या तशी घडली होती.

१७ ऑक्टोबर २०२० रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांच्यातील सामन्याची सहा-सात मिनिटेही झाली नव्हती. लिव्हरपूलच्या कॉर्नरनंतर चेंडू लांबच्या खांबाकडे आला, तिथे लिव्हरपूलचा मधला बचावपटू (आपला स्टॉपर) व्हर्जिल व्हॅन डाइक पोचला आणि एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड पुढे झेपावत येऊन त्याच्या पायावर आदळला. व्हॅन डाइक आधीच ऑफसाइड असल्याचे ठरल्यामुळे पेनल्टी मिळाली नाही आणि पिकफर्डला लाल कार्डही दाखवले गेले नाही. अकराव्या मिनिटाला व्हॅन डाइक लंगडत बाहेर गेला आणि जो गोमेझ आत आला. उजव्या गुडघ्याचा सांधा स्थिर ठेवणारे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट दुखावल्याचे पुढे स्पष्ट झाले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या हंगामात तो पुन्हा मैदानात उतरला नाही. जानेवारी २०१८ मध्ये साउदॅम्प्टनकडून ७.५ कोटी पौंडांना घेतलेला हा खेळाडू त्याआधीच्या, २०१९-२० च्या विजेतेपदाच्या हंगामात इंग्लिश प्रीमियर लीगचे प्रत्येक मिनिट खेळला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे लिव्हरपूलची घडी किती विस्कटली असेल याची कल्पना येते.

आता आकडे पाहा. २०१९-२० मध्ये लिव्हरपूलने ३८ सामन्यांत ३३ गोल स्वीकारले, म्हणजे सामन्यामागे ०.८७. पुढच्या हंगामात त्यांच्यावर एकूण ४२ गोल झाले, आणि एवढा आकडा ऐकून बहुतेक जण बचावाला खिंडार पडले असे म्हणून मोकळे होतात. परंतु त्या ४२ पैकी ११ गोल व्हॅन डाइक मैदानात असतानाच्या पहिल्या चार सामन्यांत झाले होते. त्यांतले ७ तर ॲस्टन व्हिलाने एकाच संध्याकाळी केले होते. तो जायबंदी झाला त्या सामन्यापासून हंगाम संपेपर्यंतच्या ३४ सामन्यांत लिव्हरपूलने ३१ गोल स्वीकारले, म्हणजे सामन्यामागे ०.९१. जगातला त्या घडीचा बहुधा सर्वोत्तम मधला बचावपटू गमावूनही हा फरक नगण्य आहे.

फरक दिसतो तो समोरच्या गोलजाळीत. विजेतेपदाच्या हंगामात लिव्हरपूलने ८५ गोल केले होते, सामन्यामागे २.२४. व्हॅन डाइकविना खेळलेल्या त्या ३४ सामन्यांत ५७ झाले, सामन्यामागे १.६८. जानेवारी ते मार्च २०२१ या काळात ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर बर्नली, ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि फुलहॅम यांच्याकडून लिव्हरपूल लीगमध्ये लागोपाठ सहा वेळा हरले, आणि क्लबच्या इतिहासात असे प्रथमच घडले. या सहा सामन्यांत त्यांनी केलेला गोल एकच, तोही सालाहने पेनल्टीवर सिटीविरुद्ध केलेला. सहापैकी चार पराभव ०-१ असे आहेत. सालाह, माने आणि फिर्मिनो हे आघाडीचे तिघेही तेच होते आणि पाच-सहा महिन्यांत ते गोल करणे विसरले असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग झाले काय? व्हॅन डाइक गेल्यावर नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरावादरम्यान गोमेझचा गुडघा गेला आणि जानेवारीअखेर जोएल मॅटिपचा घोटा. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी मधल्या फळीतून आधी फॅबिन्होला आणि नंतर कर्णधार हेंडरसनलाही बचावात नेले. फॅबिन्होचे तिथले काम वाखाणण्यासारखे होते. मात्र त्याचे मूळ काम बचावफळीच्या आठ-दहा पावले पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याने बाहेर मारलेला चेंडू पुन्हा ताब्यात घेण्याचे होते. लिव्हरपूलचा हल्ला एकदा थांबला की तिथूनच दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा सुरू होत असे, आणि प्रतिस्पर्धी दमत असे ते या सततच्या माऱ्यामुळे. फॅबिन्हो मागे गेल्यावर बाहेर पडलेला तो चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात जाऊ लागला, आणि अख्ख्या संघाला माघारी पळावे लागू लागले. गोलजाळीकडे तोंड करून धावणारा आघाडीपटू आणि आपल्याच मैदानात परत धावून दमलेला आघाडीपटू यांच्यात जो फरक असतो तो आपल्यासारख्या कोल्हापूरकराला मी वेगळा सांगायला नको.

याखेरीज खुद्द व्हॅन डाइकच्या असण्यामुळे हल्ल्याला मिळणाऱ्या काही गोष्टी गेल्या. डावीकडच्या मध्यावर उभा राहून उजव्या पायाने तो सालाहच्या पुढ्यात मैदानभर तिरपा लांब चेंडू टाकत असे, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला सगळी माणसे एका बाजूला गोळा करता येत नसत. मागे तो आहे या खात्रीवर अलेक्झांडर-अर्नोल्ड आणि रॉबर्टसन हे दोन्ही बगलांचे बचावपटू बेधडक वर जात, आणि त्यांच्या क्रॉसवर गोल होत. विजेतेपदाच्या हंगामात कॉर्नर आणि फ्री किकवर डोके लावणारा तो स्वतःच मोठा आधार होता. त्या वर्षी लीगमध्ये त्याच्या नावावर ५ गोल आहेत. यांतली कोणतीही गोष्ट 'बचाव' या सदरात मोजली जात नाही, म्हणून ती गेल्याचे कळायलाही उशीर लागतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या हंगामात मैदाने महामारीमुळे रिकामी होती, सामने दाटीवाटीने खेळवले जात होते आणि जोटा, थिआगो हेही बराच काळ दुखापतींनी बाहेर होते. डिसेंबरात, फॅबिन्हो आणि मॅटिप मागे असताना, लिव्हरपूलने क्रिस्टल पॅलेसचा ७-० असा फडशा पाडला होता आणि नाताळच्या वेळी ते गुणतालिकेत पहिल्या स्थानावर होते. तेव्हा सारे काही एका गुडघ्यावर ढकलणे बरोबर नाही. परंतु हंगामाच्या शेवटाने जो पुरावा दिला तो मला निर्णायक वाटतो.

फुलहॅमविरुद्धच्या पराभवानंतर दहा सामने उरले होते. क्लॉप यांनी फॅबिन्होला पुन्हा मधल्या फळीत आणले आणि मागे साधे, सरळ बचावपटू उभे केले : आदल्या वर्षी श्टुटगार्टला उसना दिलेला नॅट फिलिप्स, शाल्केकडून उसना घेतलेला ओझान काबाक, आणि वर्षभरापूर्वी इंग्लंडच्या सहाव्या श्रेणीत किडरमिन्स्टरकडून खेळणारा रिस विल्यम्स. या दहा सामन्यांत लिव्हरपूलने ८ जिंकले, २ बरोबरीत सोडवले, २१ गोल केले आणि अवघे ६ स्वीकारले. लीड्स आणि न्यूकॅसलविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली, त्या दोन सामन्यांत फिलिप्स जायबंदी असल्यामुळे फॅबिन्होला पुन्हा मागे जावे लागले होते. शेवटचे पाचही सामने फिलिप्स आणि विल्यम्स या जोडीने जिंकून दिले. हीच जोडी फुलहॅमविरुद्ध हरली होती, पण त्या दिवशी फॅबिन्होने सामन्याची सुरुवात केली नव्हती. हंगामाअखेर लिव्हरपूल ६९ गुणांसह तिसरे आले आणि चॅम्पियन्स लीगमधली जागा त्यांनी राखली.

फिलिप्स हा व्हॅन डाइकच्या पासंगालाही पुरणारा नाही, आणि तरीही तो आल्यावर संघ सुधारला, याचे कारण त्याच्या येण्याने बाकीचे दहा जण आपापल्या जागी परतले. आपल्या पेठेच्या संघातही मधल्या फळीतला तो भरवशाचा खेळाडू पुन्हा पुढे आणून मागे राखीव स्टॉपरला संधी देऊन पाहावी, असे मला मनापासून वाटते. तो मुलगा दोन-चार चुका करील, त्या पोटात घालाव्या लागतील. पण आघाडीच्या मुलांना आधी चेंडू तर मिळू द्या.

प्रश्न : जागेवर त्याच प्रकारचा राखीव बचावपटू उतरवला तर काहीच नुकसान होणार नाही, असे म्हणता येईल काय? मग मोठे क्लब राखीव खेळाडू असूनही का कोसळतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नुकसान होतेच, ते फक्त दुसरीकडे दिसते. याचे चोख उदाहरण २०२२-२३ मधील आर्सेनलचे आहे, आणि ते लिव्हरपूलच्या अगदी उलट टोकाला आहे.

१६ मार्च २०२३ रोजी युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध खेळताना आर्सेनलचा मधला बचावपटू विल्यम सालिबा याची पाठ दुखावली आणि त्याच सामन्यात टोमियासू हा दुसरा बचावपटूही जायबंदी झाला. आर्सेनल तेव्हा लीगमध्ये आघाडीवर होते. प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी मधल्या फळीला हात न लावता रॉब होल्डिंग या अनुभवी राखीव बचावपटूला सालिबाच्या जागी उभे केले, म्हणजे वर मी सुचवलेला मार्गच धरला. परिणाम पाहा. तोवरच्या २७ सामन्यांत आर्सेनलने ६२ गोल केले होते, सामन्यामागे २.३०, उरलेल्या ११ सामन्यांत २६ केले, सामन्यामागे २.३६. आघाडीला ओरखडाही गेला नाही. स्वीकारलेले गोल मात्र २७ सामन्यांतल्या २५ वरून पुढच्या ११ सामन्यांत १८ वर गेले, म्हणजे ०.९३ वरून थेट १.६४. ॲनफिल्डवर आणि वेस्ट हॅमकडे २-० अशी आघाडी घेऊनही २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली, तळाच्या साउदॅम्प्टनशी ३-३ झाले आणि मग सिटीने ४-१ ने हरवले. त्या रात्री आर्सेनलचा एकमेव गोल होल्डिंगनेच केला होता, ही गोष्ट मला आजही चटका लावते. अखेर सिटी ८९ गुणांसह विजेते आणि आर्सेनल ८४ गुणांसह दुसरे.

कारण सालिबाच्या वेगात आहे. तो पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावून चेंडू गाठू शकतो, म्हणून आर्सेनलची बचावफळी मध्यरेषेच्या जवळ उभी राहत असे. होल्डिंग हिंमतवान आणि हेडिंगमध्ये तरबेज होता, पण धावण्यात मंद. त्यामुळे फळी मागे सरकवावी की तशीच ठेवून पाठीमागची जागा उघडी टाकावी, असा पेच दर सामन्यात पडू लागला. सिटीविरुद्धच्या सामन्यात लांब मारलेले चेंडू सिटीच्या हालांडकडे आणि तिथून डी ब्रुइनकडे ज्या सहजतेने गेले ते पाहताना हा पेच उघड दिसत होता.

म्हणून प्रशिक्षकापुढचा खरा प्रश्न असा असतो की, किंमत कोणत्या खिशातून द्यायची. मधल्या फळीतून माणूस काढला तर ती गोल न होण्यात द्यावी लागते, राखीव बचावपटू उतरवला तर गोल खाण्यात. माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण राखीव बचावपटू खेळता खेळता सुधारतो, पण मागे नेलेला मध्यरक्षक जितका चांगला खेळतो तितका तो तिथेच अडकून पडतो.

आणखी एक गोष्ट या दोन्ही मार्गांत टळत नाही, ती म्हणजे सवयीचा अभाव. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी लेस्टरमध्ये लिव्हरपूल ७८ व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होते. लेस्टरच्या मॅडिसनच्या फ्री किकने बरोबरी झाली. तीन मिनिटांनी एक लांब चेंडू लिव्हरपूलच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर पडत असताना गोलरक्षक ॲलिसन पुढे धावत आला, आणि पहिलाच सामना खेळणारा काबाकही त्याच चेंडूवर गेला. दोघांची टक्कर झाली, चेंडू निसटला आणि व्हार्डीने तो रिकाम्या जाळीत ढकलला. त्यानंतर चार मिनिटांत बार्न्सने तिसरा गोल केला. ॲलिसन निष्णात आहे, काबाकही साधा खेळाडू नव्हता. पण 'मी येतो' आणि 'तू घे' हे दोन शब्द कुणी कधी उच्चारायचे याची बोली त्यांच्यात तयार झालेली नव्हती. ती मैदानावर एकत्र घालवलेल्या तासांनीच तयार होते, आणि लिव्हरपूलने नवे बचावपटू थेट १ फेब्रुवारीला, खरेदीची मुदत संपायच्या दिवशी घेतले होते. त्याच दिवशी घेतलेला बेन डेव्हिस तर लिव्हरपूलकडून एकही सामना खेळला नाही. गोमेझ नोव्हेंबरात गेला तेव्हाच पावले उचलून ठेवायला हवी होती, असे मला आजही वाटते.

प्रश्न : मधला बचावपटू संदेश झिंगन जायबंदी झाल्यामुळे भारतीय संघाचे खरोखर किती नुकसान झाले? गोव्यात यावर फार वाद होतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन प्रसंग वेगवेगळे पाहावे लागतील, कारण पहिल्यात नुकसान स्पष्ट दिसते आणि दुसऱ्यात ते आपण फुगवून सांगतो.

१० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० असे रोखले, तेव्हा झिंगन आणि आपल्या गोव्याचा आदिल खान ही जोडी मध्यभागी होती. पुढच्याच महिन्यात गुवाहाटीतील सराव सामन्यात झिंगनचा गुडघा गेला, त्याच्या क्लबचा अख्खा हंगामही बुडाला. १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध आदिलच्या जोडीला अनस एडथोडिका उतरला. ४२ व्या मिनिटाला एका फ्री किकवर चेंडू गोलरक्षक गुरप्रीतच्या हाताबाहेर गेला आणि साद उद्दीनने डोक्याने गोल केला. हवेतला असा चेंडू ही झिंगनची हुकमी जागा. तो असता तर गोल झालाच नसता असे मी म्हणणार नाही, पण त्या गर्दीत पहिली उडी कुणाची हा प्रश्न पडला नसता. ८८ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आदिलने डोके लावून १-१ केले. दोघेही गोव्याचे, आणि दोह्यात निम्मा बचाव सांभाळणाऱ्या आदिलनेच इथे हार टाळली.

दुसरा प्रसंग जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकाचा. सीरियाविरुद्धच्या सामन्यात झिंगन पुन्हा गुडघ्याने बाहेर गेला आणि मार्च-जूनमधील विश्वचषक पात्रता सामन्यांना मुकला. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार झाली, त्याचे खापर त्याच्या गैरहजेरीवर फोडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्या आशियाई चषकात झिंगन असतानाही भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. गुवाहाटीत झालेला एकमेव गोल छेत्रीने पेनल्टीवर केला आणि कुवेतविरुद्ध कोलकात्यात ०-० झाले. कुवेतला गोल न करू देणाऱ्या बचावाला दोष द्यायचा कसा? भारताचा गोलांचा दुष्काळ जुना आहे आणि त्याची कारणे झिंगनच्या गुडघ्यात शोधून सापडणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून शाळेच्या संघात बचावपटू आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले. संघ त्याच्यावाचून हरतो आहे आणि सगळे त्याला लवकर परत बोलावत आहेत. त्याने खेळावे काय?
— एक पालक, नागपूर

उत्तर : हा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा आणि फिजिओथेरपिस्टचा आहे, संघाच्या गुणतालिकेचा नाही. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया व्हॅन डाइकसारखीच अँटिरियर क्रुशिएट लिगामेंटची असेल, तर तिच्यानंतर स्पर्धात्मक खेळाकडे परतायला साधारणपणे नऊ महिने किंवा त्याहून अधिक लागतात, आणि कमी वयाच्या खेळाडूंमध्ये पुन्हा दुखापत होण्याचा धोका अधिक असतो. गुडघा दुखत नाही याचा अर्थ तो तयार आहे असा होत नाही. दोन्ही पायांची ताकद सारखी झाली आहे काय आणि उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो काय, हे तपासून घ्यावे लागते.

व्हॅन डाइक हातात सर्व सोयी असूनही २८५ दिवसांनी, २९ जुलै २०२१ रोजी हेर्था बर्लिनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात, तोही उत्तरार्धात उतरला. त्या उन्हाळ्यातील युरो स्पर्धेत खेळणार नाही असे त्याने मे महिन्यातच जाहीर केले होते, आणि तो नेदरलँड्सचा कर्णधार होता. त्याच्याविना तो संघ उपउपांत्यपूर्व फेरीत चेक प्रजासत्ताकाकडून ०-२ ने हरला. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने लीगमध्ये २६ गोल स्वीकारून ९२ गुण मिळवले. आपल्या मुलाला परत बोलावणाऱ्या प्रशिक्षकांना ही तारीखवार हकीकत जरूर वाचायला द्यावी. तोवर त्याला सामन्याच्या दिवशी संघासोबत बाकावर बसू द्या, आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाला कधी पुढे यायचे, कधी फळी धरून थांबायचे ते ओरडून सांगू द्या. त्याला ते इतर कुणाहीपेक्षा चांगले दिसत असणार.